मंदीच्या काळातील उपाहारगृहे आणि बाहेरचे जेवण

४.१ प्रास्ताविक

ग्राहकाचे उत्पन्न बदलले असता वस्तूची मागणी किती प्रमाणात बदलते, हे मागणीची उत्पन्न लवचिकता ही संकल्पना सांगते. या घटकात आपण ती संकल्पना एका परिचित व्यवसायाला लावून पाहणार आहोत. मंदी आली की लोक बाहेर जेवणे सोडून देतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मंदीचा आघात सर्व उपाहारगृहांवर सारखा होत नाही. तो कोणावर, किती आणि का होतो, हे समजून घेणे हा या घटकाचा उद्देश आहे.

४.२ चैन की गरज?

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये एक नियम मांडला. उत्पन्न वाढत जाते तसतसा त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो, असा त्याचा आशय आहे. हा नियम एकूण अन्नखर्चाविषयी आहे. बाहेरच्या जेवणाचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो.

वाढदिवसानिमित्त कुटुंबासह हॉटेलात जाणे ही चैन होय. उत्पन्न घटले की असा खर्च प्रथम कमी होतो. याउलट, परगावी एकट्याने राहणाऱ्या आणि खोलीत स्वयंपाकाची सोय नसलेल्या कामगाराला खानावळीचे जेवण ही गरज असते. थाळी तीच, परंतु एकाला ती चैन आणि दुसऱ्याला गरज. म्हणून कोणत्याही उपाहारगृहाचे भवितव्य तपासताना तेथे कोण जेवतो आणि का जेवतो, हा प्रश्न आधी विचारावा.

४.३ एक पायरी खाली

उत्पन्न घटलेला ग्राहक बाहेरचे खाणे एकदम बंद करतोच असे नाही. तो बहुधा एक पायरी खाली उतरतो. महागड्या हॉटेलात जाणारा मध्यम दराच्या हॉटेलात जातो. मध्यम दराचे जेवण घेणारा झटपट मिळणाऱ्या स्वस्त पदार्थांकडे वळतो. आणि तेही परवडेनासे झालेला घरून डबा आणतो. वरच्या पायऱ्यांवरून येणारे हे ग्राहक स्वस्त उपाहारगृहांना मिळतात. उत्पन्न घटल्यावर ज्यांची मागणी वाढते, अशा वस्तूंना अर्थशास्त्रात ‘कनिष्ठ वस्तू’ म्हणतात. येथे ‘कनिष्ठ’ हा शब्द दर्जावाचक नाही, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतील मंदीचे उदाहरण घेऊ. ही मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली व जून २००९ पर्यंत चालली. बेरोजगारीचा दर त्यानंतरही वाढत राहून ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचला. जुलै २००८ मध्ये ‘बेनिगन्स’ आणि ‘स्टेक अँड एल’ या मध्यम दराच्या उपाहारगृह-साखळ्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी डाऊ जोन्स निर्देशांकातील ३० कंपन्यांपैकी केवळ दोघींच्या समभागांचे भाव वर्षअखेरीस वाढलेले होते : वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स. एक स्वस्त दुकानांची साखळी, तर दुसरी स्वस्त खाद्यपदार्थांची. मधल्या पायरीवर उभा असलेला व्यावसायिक अधिक अडचणीत का येतो, हे यावरून लक्षात येईल. त्याचे जुने ग्राहक खाली उतरतात. वरून येणारे थोडे ग्राहक ती उणीव भरून काढतीलच असे नसते.

४.४ थोडी घट, मोठा तोटा

विक्री थोडी घटली तरी हॉटेल बंद का पडते? एका काल्पनिक हॉटेलचा हिशेब मांडू. महिन्याची विक्री ३,००,००० रुपये आहे. भाडे व पगार मिळून १,२०,००० रुपये लागतात. ग्राहक कितीही आले तरी हा खर्च टळत नाही. म्हणून तो स्थिर खर्च. किराणा, भाजी, गॅस इत्यादींवर विक्रीच्या निम्मे, म्हणजे १,५०,००० रुपये जातात. हा बदलता खर्च. नफा ३०,००० रुपये उरतो.

आता विक्री २० टक्क्यांनी घटून २,४०,००० रुपयांवर आली असे समजू. बदलता खर्च १,२०,००० रुपये होईल. स्थिर खर्च मात्र १,२०,००० रुपयेच राहील. नफा शून्य! विक्रीत पाचव्या भागाची घट झाली आणि नफा संपूर्ण नाहीसा झाला. मग मालक कामगार कमी करतो, पदार्थांची यादी आटोपशीर करतो किंवा थाळीतील वाटी लहान करतो.

४.५ शेवटची पायरी : गिरणगावातील खानावळी

स्वस्त जेवण देणारा मंदीत तरतो, या निष्कर्षाला एक मर्यादा आहे. ग्राहकाचे उत्पन्न घटले तर तो खालच्या पायरीवर येतो. परंतु उत्पन्नच थांबले, तर त्याला उतरण्यासाठी पायरी उरत नाही. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास हे स्पष्ट करतो.

कोकण आणि घाटावरून आलेले अनेक गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून चाळीतील खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बाया आपल्या राहत्या खोलीत करत. कामगार पगार झाल्यावर पैसे चुकते करत. तोवर बाई वाण्याकडून उधारीवर किराणा आणि प्रसंगी सावकाराकडून व्याजाने पैसे घेई. म्हणजे स्वयंपाकाच्या कष्टांबरोबरच कामगाराला महिनाभर पतपुरवठाही तीच करत होती.

संप झाला की पगार थांबे. वाण्याची उधारी आणि व्याज मात्र थांबत नसे. या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. मंडळामार्फत त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळू लागली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अनेक कामगार गावी परतले. खानावळीचे जेवण कितीही स्वस्त असले, तरी जेवणाराच मुंबईत उरला नाही तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय? जुनी थकबाकी मात्र बाईच्या माथी राहिली.

४.६ सारांश

मंदीत उपाहारगृह टिकेल की नाही, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : ग्राहकाला ते जेवण चैन आहे की गरज, व्यवसायाचा स्थिर खर्च किती आहे, आणि ग्राहकाचे उत्पन्न घटले आहे की थांबले आहे. आकडेवारीत बंद पडलेली मोठी हॉटेले दिसतात. घरातील चुलीवर चालणारी खानावळ नोंदवहीत नसल्यामुळे तिचे बुडणे सहसा मोजले जात नाही. मंदीचा अभ्यास करताना या न मोजलेल्या नुकसानीचाही विचार करावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कनिष्ठ वस्तू’ ही संकल्पना बाहेरच्या जेवणाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. वरील काल्पनिक हॉटेलची विक्री ३० टक्क्यांनी घटली, तर नफा किंवा तोटा किती होईल?
३. आपल्या परिसरातील एखाद्या खानावळीत उधारीचा व्यवहार कसा चालतो, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.