रेक्समध्ये गेलेलं दशक

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या क्लायंटकडची शेवटची रेक्स एक्झेक, म्हणजे मेनफ्रेमवरची रेक्स भाषेतली स्क्रिप्ट, बंद झाली. तसं कळवणाऱ्या मेलमध्ये तिला 'लेगसी स्क्रिप्ट' म्हटलं होतं. सीप्झमधल्या ज्या टीमने ती लिहिली, तिचा साधा उल्लेखही नव्हता. ते लागलं.

१९७३ साली अंधेरीत सीप्झ सुरू झालं, पुढे मेनफ्रेमची कामं आली, वायटूके आलं नि गेलं. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय त्यानंतरच्या दहा वर्षांबद्दल. आयबीएमने डिसेंबर १९९९मध्ये मेनफ्रेमवर लिनक्स चालवणारे पॅच खुले केले होते. एकच मशीन, त्यावर झेड-व्हीएम आणि त्याच्या पोटात शेकडो लिनक्स सर्व्हर! पण हे सगळं सांभाळायची तयार टूल्स महाग, आणि आमचा क्लायंट पैसे सोडायला तयार नव्हता.

मग आम्हीच ती लिहिली. नवा सर्व्हर मागितला की आमची एक्झेक व्हीएमच्या डिरेक्टरीत त्याची नोंद घाली, मास्टर सर्व्हरच्या डिस्क फ्लॅशकॉपीने उचली, ते जमलं नाही तर डीडीआरने कॉपी करी, आयपी आणि होस्टनेम पॅरामीटर फाइलमधून पुरवी आणि एक्सऑटोलॉगने सर्व्हर उठवी.

खरी कसोटी नेटवर्क गेल्यावर लागे. ३२७०च्या हिरव्या स्क्रीनवर व्हीआय एडिटर चालत नाही. कॉन्फिग फाइल दुरुस्त करायची ती सेडने, एकेक ओळ. कंट्रोल-सी हवा असेल तर कॅरेट आणि सी टाइप करून एंटर मारायचा. अमेरिकेतलं ऑफिस भर कामात, इकडे मुलुंडची शेवटची बस केव्हाच गेलेली. म्हणून आम्ही टूलमध्येच सोय केली: पडलेल्या सर्व्हरची डिस्क दुसऱ्या चालू लिनक्सला लिंक करून तिथे माउंट करायची आणि निवांत दुरुस्त करायची. कुठली ओळ कुठल्या बिघाडानंतर आली, हे प्रत्येक वेळी कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं.

आयबीएमच्या लोकांनी रेडबुक या तांत्रिक पुस्तकांमधून आपली क्लोन एक्झेक साऱ्या जगाला वापरायला दिली. आम्हीही आमची द्यायला निघालो होतो. 'क्लायंटची मालमत्ता' म्हणून साहेबांनी अडवलं. त्या क्लायंटने ती कधी उघडून पाहिली नाही. तो निर्णय तेव्हाही चूक होता, आजही आहे. बाहेर गेली असती, तर चार जणांच्या हातांनी सुधारली असती, जगली असती.

२०११च्या झेड-व्हीएम ६.२ने चालू लिनक्स एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर हलवता येऊ लागला. नंतर अॅन्सिबल आलं. ती चांगली टूल्स आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण नव्या मुलांना डॅशबोर्डवर लाल ठिपका दिसतो आणि खाली व्हीएमला नेमकं काय विचारायचं, हे त्यांना कुणी शिकवत नाही. ते त्या कॉमेंटमध्ये होतं. क्लायंटच्या बॅकअप टेपवर अजून असेल. काढून द्या, आमच्यातले जे या उपनगरांत आहेत ते येतील, शेजारी बसून ओळ न् ओळ समजावतील. पैसे नकोत.