विश्लेषण : सोलोमध्ये पहिला नंबर, तरी पुन्हा शिकायचे? किशोरवयीन वादकांसाठीचे उन्हाळी ‘चेंबर म्युझिक’ वर्ग काय असतात?

दुसरी-तिसरीत व्हायोलिन हाती घेतलेली मुलगी दहावीपर्यंत सातव्या-आठव्या ग्रेडला पोहोचते. शिकवणी एकटीची, परीक्षा एकटीची, स्पर्धाही एकटीची. घरच्यांना वाटते, आता फक्त रियाज वाढवायचा. मात्र अमेरिकेत अशाच हुशार मुलांना उन्हाळ्यात तीन-चार जणांच्या गटात बसवून जवळपास पहिल्यापासून शिकवले जाते. हे वर्ग नेमके काय असतात, तिथे काय शिकवतात, ते मोबाइलवरून का शिकता येत नाही आणि मुंबई, पुणे किंवा गोव्यातल्या मुलांसाठी त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

चेंबर म्युझिक म्हणजे काय?

चेंबर म्हणजे खोली. मोठ्या सभागृहासाठी नव्हे, तर खोलीत, दिवाणखान्यात बसून वाजवण्यासाठी लिहिलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणजे चेंबर म्युझिक. वादक साधारण दोन ते आठ. सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट : दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. ऑस्ट्रियाच्या जोसेफ हायडनने (१७३२-१८०९) या प्रकाराला आकार दिला. त्याच्या नावावर ६८ क्वार्टेट आहेत.

मोठ्या ऑर्केस्ट्रात दहा-पंधरा व्हायोलिन एकच ओळ वाजवतात. एखाद्याची नोट चुकली तरी ती गर्दीत लपून जाते. चेंबर म्युझिकमध्ये प्रत्येक ओळ एकच वादक वाजवतो, त्यामुळे चूक लपत नाही. दुसरे म्हणजे इथे कंडक्टर नसतो. सुरुवात कधी करायची, वेग किती ठेवायचा, कुणी मोठ्याने वाजवायचे आणि कुणी मागे राहायचे, हे वादकांनी आपसात ठरवायचे असते. किशोरवयीन मुलांसाठी खरी परीक्षा इथेच असते.

हे वर्ग कुठे आणि कसे चालतात?

अमेरिकेत याला मोठी परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनवूड म्युझिक कॅम्प १९३३पासून मुलांना चेंबर म्युझिक शिकवतो. प्रसिद्ध व्हायोलिन गुरू इव्हान गॅलेमियन यांनी १९४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मेडोमाउंट ही उन्हाळी शाळा सुरू केली. इत्झाक पर्लमन आणि यो-यो मा तरुणपणी तिथे शिकले.

अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील ‘म्युझिक ॲट मेन्लो’. चेलोवादक डेव्हिड फिंकल आणि पियानोवादक वू हान या दाम्पत्याने २००३ मध्ये सिलिकॉन व्हॅलीच्या परिसरातील अॅथर्टन येथे हा महोत्सव सुरू केला. फिंकल १९७९ ते २०१३ अशी ३४ वर्षे एमर्सन स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये होते. जुलै-ऑगस्टमधील तीन आठवड्यांच्या या महोत्सवालाच जोडून प्रशिक्षण संस्था चालते. तिचे दोन भाग आहेत. एक शाळकरी वयाच्या मुलांसाठी, दुसरा १८ वर्षांवरील तरुण वादकांसाठी.

इथले वैशिष्ट्य म्हणजे महोत्सवात संध्याकाळी वाजवणारे कलाकारच दिवसा मुलांना शिकवतात. गट कुणाचा, कुणी काय वाजवायचे, हे शिक्षक ठरवतात. मग रोज गटाचा सराव, कोचिंग, स्वतःचा रियाज आणि मास्टरक्लास. मास्टरक्लासमध्ये एक गट मंचावर वाजवतो, ज्येष्ठ कलाकार सर्वांसमोर त्याला थांबवून दुरुस्त करतो आणि बाकीचे ऐकतात. शेवटी मुलांच्या स्वतंत्र मैफली होतात.

तिथे नेमके काय शिकवतात?

पहिली गोष्ट म्हणजे श्वास. चौघांनी एकाच क्षणी बो तारेवर टेकवायचा असतो आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणायला कुणी नसते. अशा वेळी एक वादक पहिल्या स्वराच्या आधी श्वास घेतो आणि वाद्य किंचित वर उचलतो. त्या हालचालीत वेग, जोर आणि भाव तिन्ही असतात. एकट्याने वाजवताना या इशाऱ्याची गरजच पडत नाही, त्यामुळे आठव्या ग्रेडच्या मुलालाही तो देता येत नाही आणि वाचताही येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर. हा मुद्दा मराठी वाचकाला चटकन कळेल. तानपुरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. षड्ज ४४० हर्ट्झ धरला तर तो शुद्ध गंधार ५५० हर्ट्झवर येतो, म्हणजे ५:४ हे गुणोत्तर. पियानोवर मात्र सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असल्याने तोच स्वर सुमारे ५५४.४ हर्ट्झवर असतो. फरक छोटा वाटतो, पण कानाला कळतो. क्वार्टेटमध्ये चौघे मिळून लांब स्वर धरतात, तेव्हा पियानोच्या साथीने तयार झालेल्या मुलाला आपले बोट किंचित खाली सरकवावे लागते. उलट गटात पियानो असेल तर पियानो काही वाजवता वाजवता बदलता येत नाही, मग व्हायोलिन आणि चेलोवाल्यांनाच जुळवून घ्यावे लागते. म्हणजे ‘बरोबर सूर’ कोणता, हे शेजारी कोण बसले आहे यावर ठरते.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मागे राहणे. आपापल्या शहरात पहिला नंबर काढणाऱ्या मुलाला इथे दुसरे व्हायोलिन मिळू शकते. पानभर एकच लय धरायची, कारण सुरावट चेलोकडे आहे. पुढच्या पानावर तीच सुरावट आपल्याकडे येते, तेव्हा क्षणात पुढे यायचे. एमर्सन क्वार्टेटमध्ये दोन्ही व्हायोलिनवादक आलटून पालटून पहिल्या खुर्चीवर बसत. पहिली खुर्ची मानाची आणि दुसरी कमी दर्जाची, हा समज तिथे टिकत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे भांडणे. एकाला वेग जास्त वाटतो, दुसऱ्याला कमी. सरावाला वेळ मर्यादित असतो आणि मैफलीची तारीख ठरलेली असते. ‘तू चुकतोस’ न म्हणता ‘हे दोन्ही प्रकारे वाजवून पाहू’ म्हणायला शिकणे, हा अभ्यासक्रमात न लिहिलेला धडा असतो.

हे ऑनलाइन का शिकता येत नाही?

याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. क्वार्टेटमधले वादक एकमेकांपासून दोन मीटरवर बसले, तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. कानाला हे ‘एकाच वेळी’ वाटते. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे मात्र एकत्र वाजवणे कठीण होऊ लागते. दहा मीटरचे अंतर म्हणजे जवळपास तेवढाच उशीर. मोठ्या ऑर्केस्ट्रात कानापेक्षा कंडक्टरच्या हाताकडे पाहणे भाग पडते, त्याचे हे एक कारण. चेंबर म्युझिकमध्ये कंडक्टर लागत नाही, कारण वादक जवळ बसतात.

आता व्हिडिओ कॉलचा विचार करा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी एका बाजूचा प्रवास ६५ मिलिसेकंदांहून अधिक. त्यात मोबाइल, वाय-फाय आणि ॲपची प्रक्रिया धरली, की शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या वेगात एका मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे समोरचा माणूस तुमच्यापेक्षा एक अख्खा जलद स्वर मागे. फाइव्ह-जी आले तरी प्रकाशाचा वेग बदलत नाही.

सोलो शिकवणी यात निभावते. विद्यार्थी वाजवतो, गुरू ऐकतो, मग बोलतो. दोघांनी एकाच वेळी वाजवायचे नसते. कोविडकाळात सोलोचे वर्ग स्क्रीनवर चालू राहिले, पण क्वार्टेटचा सराव तसा जमला नाही. प्रत्येकाने आपापला भाग स्वतंत्र रेकॉर्ड करून नंतर जोडलेले व्हिडिओ तेव्हा खूप आले. ते ऐकायला छान होते, पण त्यात कुणी कुणाचा श्वास ऐकून सुरुवात केलेली नव्हती. हेडफोनमधल्या ठोक्यावर सगळे स्वतंत्रपणे वाजवत होते.

किशोरवयातच का?

इतिहासात याची उदाहरणे आहेत. फेलिक्स मेंडेल्सनने आठ वादकांसाठीचा प्रसिद्ध ऑक्टेट १८२५ मध्ये लिहिला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. फ्रांझ शूबर्ट मुलगा असताना घरच्या क्वार्टेटमध्ये व्हिओला वाजवत असे. दोन भाऊ व्हायोलिनवर, वडील चेलोवर. चेंबर म्युझिक त्यांनी आधी घरात अनुभवले.

शिक्षकांच्या दृष्टीने या वयात हाताची तयारी झालेली असते, पण सवयी पक्क्या झालेल्या नसतात. एकट्यानेच वाजवायची दहा वर्षांची सवय नंतर मोडणे जड जाते. शिवाय बहुतेक वादकांचे पुढचे आयुष्य सोलोवादकाचे नसते. ऑर्केस्ट्रा, छोटे गट, साथसंगत, शिकवणे यातच काम मिळते आणि तिथे दुसऱ्याचे ऐकता येणे हीच पहिली अट असते.

आपल्याकडे असे काही होते का?

होते, आणि ते मुंबईतच होते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही. झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. पुढे मेहली अमेरिकेत गेले, फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवू लागले आणि १९६४ पासून लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनीतून तरुण वादकांच्या पिढ्या घडवल्या.

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून तयार झालेले वादक मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्राचा कणा ठरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. आज मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्याला जोडून मुलांसाठी संगीत अकादमीही.

तरीही अनेक मुलांचा प्रवास ग्रेडच्या परीक्षांभोवती फिरतो. त्या परीक्षांनी शिस्त आणि मोजमाप दिले, हे खरे. पण परीक्षेच्या खोलीत मूल एकटे जाते, फार तर पियानोची साथ असते. ‘सोबत वाजवणे’ हा विषय राहून जातो.

अर्ज करायचा असेल तर काय पाहावे?

अमेरिकेतल्या बहुतेक उन्हाळी वर्गांचे अर्ज आदल्या हिवाळ्यात भरले जातात आणि निवड रेकॉर्डिंगवर होते. साधारणपणे वेगवेगळ्या स्वभावाच्या दोन-तीन रचना मागतात. व्हिडिओत कापाकापी चालत नाही, त्यामुळे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा शांत खोली महत्त्वाची. गटात वाजवल्याचा अनुभव असेल तर तो जरूर लिहावा.

खर्च मोठा असतो. फी, राहणे, जेवण, विमान आणि व्हिसा मिळून हिशोब लाखांत जातो. म्हणून तीन प्रश्न आधी विचारावेत. गरजेनुसार शिष्यवृत्ती आहे का? अल्पवयीन मुलांच्या राहण्याची आणि देखरेखीची जबाबदारी कुणाची? रोज प्रत्यक्ष कोचिंग किती आणि एका गटात किती जण? नाव मोठे पण मूल दिवसभर ऑर्केस्ट्राच्या शेवटच्या रांगेत, असेही कार्यक्रम असतात. ते वाईट नसतात, पण ते चेंबर म्युझिक नव्हे.

परवडत नसेल तर?

मग सुरुवात घरातूनच. हायडन, मोझार्ट यांच्या रचना कॉपीराइटमुक्त असल्याने त्यांची जुनी नोटेशन मोफत मिळते. चौघे मिळाले नाहीत तर दोन व्हायोलिनच्या रचनाही भरपूर आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आठवड्यातून दोन दिवस, दोन तास, एकाच खोलीत. दर सरावात एकदा तरी मेट्रोनोम बंद ठेवायचा आणि सुरुवातीचा इशारा देण्याची जबाबदारी आळीपाळीने घ्यायची. शिक्षकांनी महिन्यातून एकदा येऊन ऐकले तरी पुष्कळ.

यातून अॅथर्टनच्या तीन आठवड्यांची बरोबरी होणार नाही. तिथले कोच इथे नाहीत. पण जी गोष्ट कोणतेही ॲप शिकवू शकत नाही, तिला लागणारे सामान फार थोडे आहे. एक खोली, दोन ते चार खुर्च्या आणि आपल्या आधी शेजाऱ्याचे ऐकायची तयारी. आठव्या ग्रेडच्या प्रमाणपत्राशेजारी या वर्षी एखादा दुसऱ्या व्हायोलिनचा कागद ठेवून पाहायला हरकत नाही.