नवजात बाळाला मुद्दाम थंड का ठेवतात?

जन्मलेल्या बाळाला पुसून, कोरड्या कपड्यात गुंडाळून ऊब द्यायची, हे आजीपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच सांगतात. मग अतिदक्षता विभागात काही बाळांना मुद्दाम थंड का केले जाते?

प्रसूतीच्या वेळी नाळ दबली किंवा वार अकाली सुटली, तर बाळाच्या मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडतो. असे बाळ रडत नाही, अंग सैल पडते, झटके येऊ शकतात. श्वास सुरू करून दिल्यावर मेंदूच्या पेशी काही तास सावरतात. पण त्यानंतर नुकसानीची दुसरी लाट येते. पेशींमधली ऊर्जा पुन्हा संपते, सूज येते आणि पेशी मरू लागतात.

थंडाव्याने पेशींचे काम मंदावते, ऊर्जेची गरज घटते आणि ही लाट सौम्य होते. म्हणूनच हा उपचार जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. थंड पाणी खेळवलेल्या गादीवर बाळाच्या शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तिथेच ठेवतात. नंतर दर तासाला जास्तीत जास्त अर्धा अंश, असे हळूहळू वाढवतात. साधारण ३६ आठवडे पूर्ण झालेल्या आणि मेंदूला मध्यम किंवा तीव्र इजा झालेल्या बाळांसाठीच हा उपचार आहे.

श्रीमंत देशांतील चाचण्यांमध्ये थंड केलेल्या दर ७ बाळांमागे एक बाळ मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वातून वाचल्याचे दिसले. आपल्याकडचे चित्र मात्र वेगळे निघाले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. त्यात मुंबईचे सायन रुग्णालयही होते. २०२१ मध्ये निकाल आला: थंड केलेल्या गटात ४२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ३१ टक्के बाळे दगावली. आपल्याकडे अनेक बाळांच्या मेंदूची इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, अशी एक शक्यता मांडली जाते.

त्यामुळे हा निर्णय तज्ज्ञांनी बाळ तपासूनच घ्यायचा असतो. घरी किंवा वाटेत बाळाला बर्फ लावून थंड करणे जिवावर बेतू शकते. आणि प्रसूतीत बाळाचे ठोके वेळेवर तपासणे, हे कुठल्याही गादीपेक्षा आधी यायला हवे.