शिकागोचा कोळसा व्यापारी आणि बेसबॉलची पहिली लीग

विल्यम हल्बर्ट हे खेळाडू म्हणून कधीच नावाजले गेले नाहीत. त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८३२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बर्लिंग्टन फ्लॅट्स या छोट्या गावात झाला. ते दोन वर्षांचे असताना कुटुंब शिकागोला आले आणि पुढे हेच शहर त्यांचे झाले. बेलॉइट कॉलेजात काही काळ शिकून ते परतले, किराणा व्यापारी असलेल्या सासऱ्यांच्या धंद्यात शिरले आणि तिथून कोळशाच्या व्यापारात गेले. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज या क्लबमध्ये त्यांनी पैसा घातला, तोही व्यापाऱ्याच्याच नजरेने.

१८७१ मध्ये व्यावसायिक बेसबॉलची पहिली संघटना सुरू झाली. ती नावाने आणि कारभारानेही खेळाडूंची होती. १० डॉलर भरले की कोणताही क्लब सभासद होई. वेळापत्रक पक्के नसे. तोट्याच्या दौऱ्यावर न जाता संघ घरी बसत. सट्टेबाज मैदानात उघड फिरत. बोस्टनने १८७२ पासून सलग चार वर्षे अजिंक्यपद जिंकल्याने चुरसही उरली नव्हती. शिकागोचे दुर्दैव आणखी वेगळे. ऑक्टोबर १८७१ च्या महाभयंकर आगीत क्लबचे मैदान जळाले आणि पुढचे दोन हंगाम संघ उतरलाच नाही.

ठिणगी पडली ती डेव्ही फोर्स या खेळाडूवरून. १८७५ च्या हंगामासाठी त्याने आधी शिकागोशी करार केला, मग फिलाडेल्फियाशी. संघटनेने प्रथम शिकागोच्या बाजूने निकाल दिला. पुढे फिलाडेल्फियाचाच माणूस अध्यक्ष झाला आणि निकाल फिरला. त्याच वर्षी हल्बर्ट क्लबचे अध्यक्ष झाले. त्यांनी बोस्टनचा गोलंदाज अल्बर्ट स्पॉल्डिंग, रॉस बार्न्स, कॅल मॅकव्हे आणि डीकन व्हाइट यांना, शिवाय फिलाडेल्फियाच्या कॅप अॅन्सनला पुढच्या वर्षासाठी करारबद्ध केले. हंगाम चालू असताना असे करार करायला नियमाने मनाई होती. कराराचे पावित्र्य सांगत फिरणाऱ्या माणसाने सुरुवात नियम मोडून केली, हे नोंदवायलाच हवे.

हकालपट्टी होण्याआधी नवी संघटनाच काढायची, असा मार्ग त्यांनी शोधला. स्पॉल्डिंगला हाताशी धरून घटनेचा मसुदा केला, पश्चिमेकडचे क्लब आधी आपल्या बाजूला वळवले आणि २ फेब्रुवारी १८७६ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलात पूर्वेकडच्या क्लबांसमोर तो मसुदा ठेवला. आठ क्लबांची नॅशनल लीग जन्मली. एका शहरात एकच क्लब, शहराची लोकसंख्या किमान ७५ हजार, वार्षिक वर्गणी १०० डॉलर. खरा बदल मात्र सत्तेचा होता. लीग क्लबांची, म्हणजे मालकांची झाली. खेळाडू पगारी नोकर ठरले. पूर्वेकडच्यांची मर्जी राखण्यासाठी अध्यक्षपद हार्टफर्डच्या मॉर्गन बल्कली यांना दिले गेले. ते वर्षभरातच बाजूला झाले आणि हल्बर्ट अध्यक्ष झाले. पहिले अजिंक्यपद अर्थातच शिकागोने पटकावले.

त्यांची कसोटी लगेच लागली. १८७६ च्या अखेरीस न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या क्लबांनी खर्च परवडत नाही म्हणून पश्चिमेचा दौरा टाळला. देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांचे हे संघ. तिकीटविक्रीचा विचार करणाऱ्या कोणीही त्यांना सांभाळून घेतले असते. हल्बर्ट यांनी दोघांनाही काढले आणि १८७७ चा हंगाम सहा संघांवर भागवला. त्याच हंगामात लुईव्हिलच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचे उघड झाले. गोलंदाज जिम डेव्हलिनसह चौघांवर कायमची बंदी आली. डेव्हलिन पुढे माफी मागायला आला, तेव्हा हल्बर्ट यांनी त्याच्या हातावर ५० डॉलर ठेवले, पण बंदी उठवली नाही, असे स्पॉल्डिंगने लिहून ठेवले आहे.

१८७९ मध्ये, बोस्टनच्या आर्थर सोडेन यांच्या पुढाकाराने, प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना इतरांनी हात लावू नये असे मालकांमध्ये ठरले. पगार आटोक्यात राहिले. खेळाडूंच्या पायातली ही बेडी पुढे सर्वांनाच लागू झाली आणि १९७५ पर्यंत टिकली. इतरांचे खेळाडू पळवून सुरू झालेल्या लीगनेच पळवापळवीची वाट बुजवली.

१८८० मध्ये सिनसिनाटीला मैदानावर बिअर विकल्याबद्दल आणि रविवारी मैदान भाड्याने दिल्याबद्दल बाहेर काढले गेले. हा कठोरपणा महागात पडला. १८८२ मध्ये प्रतिस्पर्धी अमेरिकन असोसिएशन उभी राहिली. नॅशनल लीगच्या ५० सेंट तिकिटासमोर तिचे तिकीट २५ सेंटचे, आणि सोबत बिअर व रविवारचे सामनेही. या झुंजीचा निकाल हल्बर्ट यांना पाहता आला नाही. १० एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, हृदयविकाराने शिकागोत त्यांचे निधन झाले. क्लबची सूत्रे स्पॉल्डिंगकडे गेली. तोच क्लब आज शिकागो कब्ज म्हणून ओळखला जातो.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये लीगचे पहिले अध्यक्ष म्हणून बल्कली यांना १९३७ मध्येच मान मिळाला. हल्बर्ट यांची निवड व्हायला १९९५ साल उजाडले.