परदेशात बाळाचं जावळ: कात्री लावायची की थांबायचं?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा घ्या लिहिलेला.

विषय आहे जावळाचा. कोल्हापूरची कितीतरी पोरं आज नोकरीसाठी बाहेर आहेत. बाळ तिकडंच जन्मतं, आणि वर्षभरात केस डोळ्यांत जायला लागतात. इकडून आजीचा फोन येतो, "जावळ काढल्याशिवाय कात्री लावायची नाही हं!" आणि तिकीट असतं सहा महिन्यांनंतरचं.

माझ्या ताईच्या घरी सध्या हेच चाललंय. ती म्युनिकला, भाचा १४ महिन्यांचा, आणि मी मामा इथं कोल्हापुरात. म्हणून जरा खोलात गेलो.

जावळ म्हणजे बाळ जन्मताना डोक्यावर घेऊन येतं ते केस. या संस्काराचं संस्कृत नाव चौल किंवा चूडाकर्म. मनुस्मृतीत त्यासाठी पहिलं किंवा तिसरं वर्ष सांगितलंय. घरोघरी हिशोब सोपा असतो: विषम महिना नाहीतर विषम वर्ष. म्हणजे पहिल्या वर्षी नाही जमलं, तर तिसरं आहेच. मुदतवाढ नियमातच आहे!

आता शरीराचं बघू. बहुतेक बाळांचे जन्माचे केस पहिल्या सहा महिन्यांत आपोआप गळतात आणि नवे येतात. त्यामुळे वर्षाच्या बाळाच्या डोक्यावर 'पोटातले केस' तसे फार उरलेलेच नसतात.

दुसरी समजूत अशी की वस्तरा फिरवला की केस दाट येतात. केसांची मुळं जन्माआधीच तयार झालेली असतात, ती कातडीच्या आत असतात. वस्तरा तिथपर्यंत पोहोचतच नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून हाताला राठ लागतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेनं १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर हे तपासलं होतं. दाढी केल्यानं केस जाडही झाले नाहीत आणि वाढायचा वेगही बदलला नाही.

मग जावळ करायचंच कशाला? माझं उत्तर: माणसांसाठी. बाळ मामाच्या मांडीवर बसतं, काही घरांत आत्या केस पदरात झेलते, सगळे जमतात. आपल्याकडं बरेच जण त्यासाठी जोतिबाच्या डोंगरावर जातात. मुसलमान घरांत अकीक्याला सातव्या दिवशी केस काढून तेवढ्या वजनाची चांदी दान करतात. बऱ्याच सनातनी ज्यू घरांत मुलाचे केस तिसऱ्या वर्षापर्यंत कापतच नाहीत. रीत वेगळी, पण बाळ 'आपल्यातलं' झालं हे सगळ्यांसमोर सांगणं सारखंच.

म्हणजे वाद कात्रीचा नाहीच. आजीला भीती असते ती आपल्याशिवाय सगळं उरकून जाईल याची. ही भीती खरी आहे, "आई, हे सगळं अंधश्रद्धा आहे" म्हणून ती जात नाही.

मग करायचं काय?

एक, डोळ्यांवर येणारे केस तिकडंच कात्रीनं छाटा. पण कापायच्या आधी आजीला सांगा, नंतर फोटो पाठवून नव्हे. पाहिजे तर एक बट तशीच ठेवा, ती इकडं आल्यावर काढा.

दोन, पूर्ण जावळ गावी आल्यावर करा.

तीन, वस्तऱ्यात नवीन ब्लेड डोळ्यांसमोर घालायला लावा. जुन्या ब्लेडनं हिपॅटायटिस बी सारखे आजार पसरू शकतात. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, तोवर वस्तऱ्यापेक्षा ट्रिमर बरा.

चार, बाळाची झोप आणि पोट सांभाळून वेळ ठरवा. मुहूर्त गाठायला झोपेतून उठवलेलं बाळ मांडीवर स्थिर बसत नाही, आणि हलत्या डोक्यावर वस्तरा म्हणजे जखम ठरलेली.

ताईनं हे आईला सांगितलं. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिचा एकच प्रश्न आला, "बट कुठल्या बाजूची ठेवणार?"

तुमच्या घरात जावळ कुठं आणि कसं करतात? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चांगभलं!