परक्याचा सल्ला

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या रुळलेली आहे. परंतु ती रूढ झाली त्या काळी ‘जन’ म्हणजे बहुतेक ओळखीचेच लोक असत. सल्ला देणारा कोण, त्याची स्वतःची बाग कशी आहे, त्याच्या शब्दाला वजन किती, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असे. आज पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील बागायतदार खिशातील फोनवरून शेकडो मैल दूरच्या अनोळखी माणसाला आपली अडचण विचारू शकतो. ही सोय मोठीच आहे. तथापि तिच्याबरोबर विचारणाऱ्याची जबाबदारीही वाढली आहे.

काजूचेच उदाहरण घ्यावे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेले हे झाड ह्या दोन्ही तालुक्यांच्या डोंगरउतारांवर पुष्कळ कुटुंबांचा आधार झाले आहे. समजा, ऐन मोहराच्या दिवसांत कोणी एवढेच विचारले की, “काजू सुकतो आहे, काय करावे?” ह्या प्रश्नाची निदान दोन उत्तरे संभवतात, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. कोवळ्या फुटीवर व मोहरावर काळे चट्टे पडून शेंडे करपल्यासारखे दिसत असतील, तर ते बहुधा ढेकण्या ह्या किडीचे काम असते. ती कोवळ्या भागातील रस शोषून घेते. त्यामुळे वर्षाचे पीक हातचे जाते, पण झाड सहसा उभे राहते. उलट, बुंध्याशी सालीतून डिंक आणि लाकडाचा भुसा बाहेर येत असेल व पाने पिवळी पडून गळत असतील, तर ते लक्षण रोठ्याचे होय. रोठ्याची अळी साल आतून पोखरीत जाते, झाडाचा रसप्रवाह तुटतो आणि शेवटी झाडच मरते. ढेकण्यासाठी पालवीवर केलेली फवारणी सालीआडच्या ह्या अळीपर्यंत पोहोचत नाही. पोखरलेली साल वेळीच तासून तिला बाहेर काढावे लागते. अपुऱ्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावर विसंबून राहिल्यास औषधाचा पैसा तर जातोच, शिवाय वर्षानुवर्षे जोपासलेले झाडही जाते.

ह्यात सल्ला देणाऱ्याचा दोष थोडाच असतो. त्याच्या डोळ्यांसमोर झाड नसते. असतात ते फक्त विचारणाऱ्याचे शब्द. गोव्याच्या देवळांतून गाऱ्हाणे घालताना माणसाचे नाव, गाव आणि संकट ही स्पष्ट सांगण्याची रीत आहे. कौल मागायचा तर प्रश्न नेमकाच असावा लागतो. अनोळखी माणसाला प्रश्न विचारतानाही हीच शिस्त पाळावी. झाडाचे वय किती, कलमी आहे की रायवळ, खोड, पाने व मोहर ह्यांपैकी बिघाड प्रथम कोठे दिसला, किती दिवस झाले, आजवर कोणता उपाय केला, हे आधी पाहून मग विचारावे. छायाचित्र पाठवायचे तर सुकलेल्या फांदीबरोबर बुंध्याचेही पाठवावे.

सल्ला कोणाकडून घ्यावा, हा दुसरा प्रश्न. केंद्र सरकारने 21 जानेवारी 2004 रोजी ‘किसान कॉल सेंटर’ सुरू केले. 1800-180-1551 ह्या क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत विनाशुल्क विचारणा करता येते. तेथील सल्लागार कृषिशास्त्राचे शिक्षण घेतलेले असतात, आणि त्यांना न सुटणारा प्रश्न वरच्या तज्ज्ञांकडे सोपविण्याची व्यवस्था आहे. उत्तर देणारा येथेही परकाच. परंतु त्याच्या उत्तरामागे एक संस्था उभी असते. नाव-गाव न सांगता ठामपणे औषध सुचविणाऱ्याच्या मागे असे कोणी नसते. प्रत्यक्ष झाड किंवा कीड दाखवायची असेल, तर कृषी खात्याची विभागीय कार्यालये आहेत आणि जुने गोवे येथे कृषी संशोधन संस्थाही आहे.

दुरून आलेला सल्ला रुजतो कसा, ह्याचे एक बोलके उदाहरण मराठी मुलखातलेच आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून शेतीवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. मागाहून केलेल्या पाहणीत असे आढळले की, जेथे मंडळे नव्हती त्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात बरीच अधिक भर पडली होती. बोलणारा दूर आणि अनोळखी होता. परंतु त्याचे बोलणे गावच्या अनुभवावर घासून पाहिले जात होते.

म्हणून परक्याचा सल्ला ऐकण्यात कमीपणा नाही आणि तो तसाच्या तसा उचलण्यात शहाणपण नाही. सल्ला मिळाल्यावर बागायतदाराने पुन्हा एकदा झाडापाशी जावे, बुंध्याशी वाकून पाहावे, शेजारच्या जाणत्या माणसाला दाखवावे, आणि मगच औषधाला हात लावावा. ‘करावे मनाचे’ ह्या शब्दांचा खरा अर्थ मनाला येईल तसे करावे असा नव्हे. मनाची खात्री पटल्यावर करावे, असा आहे.