आठवड्यातून दीड दिवस : सी.टी. स्कॅनच्या गणिताची हकीकत

साध्या क्ष-किरण चित्राहून सी.टी. स्कॅनमध्ये वेगळे ते काय, असे आमचे देणगीदार व हितचिंतक वारंवार विचारतात. याचे उत्तर यंत्राइतकेच गणितात आहे.

सन १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ग्रूट शूर रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने राजीनामा दिला. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या वापरावर भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख कायद्याने आवश्यक होती. म्हणून केप टाउन विद्यापीठातील अध्यापक ॲलन कॉरमॅक यांना आठवड्यातून दीड दिवस पाचारण करण्यात आले. आम्हां प्रशासकांच्या भाषेत ही निव्वळ नियमपूर्ती! परंतु कर्करुग्णांस द्यावयाच्या किरणांची मात्रा संपूर्ण शरीर एकजिनसी मानून ठरविली जाते, हे त्यांना तेथे खटकले. हाड किरण अधिक शोषते, फुप्फुस कमी. मग मात्रा अचूक कशी ठरणार?

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. कोष्टकातील सर्व आकडे पुसले गेले आणि केवळ बेरजा उरल्या, तर मूळ आकडे कसे काढावेत? साधे क्ष-किरण चित्र म्हणजे एकाच दिशेच्या बेरजा. उभ्या, आडव्या, तिरप्या अशा अनेक दिशांच्या बेरजा हाती आल्यास प्रत्येक घरातील आकडा मिळविता येतो. कॉरमॅक यांनी ती रीत मांडली. १९५७ साली लाकडी कड्यातील ॲल्युमिनियमच्या चकतीतून त्यांनी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडले. गणिताअंती मध्यभागी किंचित तफावत आढळली. चौकशीअंती कळले, की चकतीच्या मध्यभागी किंचित निराळ्या ॲल्युमिनियमची खुंटी बसविलेली होती. न पाहिलेली वस्तू गणिताने दाखविली होती.

पुढे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात असताना, १९६३ व १९६४ साली, त्यांनी हे निबंध प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य; मात्र हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या एका स्विस केंद्राने विचारणा केली! गणिताचा हाच प्रश्न योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सोडविला होता, हे कॉरमॅक यांना पुष्कळ वर्षांनी समजले.

इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीचे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र सिद्ध केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक उभयतांना विभागून मिळाले. दोघांपैकी कोणीही डॉक्टरेट मिळविलेली नव्हती.

कॉरमॅक यांना खटकलेल्या त्या मात्रेचा आराखडा आज बहुतेक किरणोपचार केंद्रांत रुग्णाच्या सी.टी. चित्रांवरूनच आखला जातो.